धंद्याचं खरं भांडवल : विशी ते सत्तरी, दुकानदाराने तब्येत कशी सांभाळायची?



प्रत्येक नव्या बॅचला मी पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारते. "तुमच्या धंद्यात असं कोणतं मशीन आहे, जे बंद पडलं की सगळाच धंदा बंद पडेल?" कुणी म्हणतं डीप फ्रीजर, कुणी झेरॉक्स मशीन, कुणी गिरणीची मोटर. "त्याची सर्व्हिसिंग कधी केली होती?" असं विचारलं की तारीखवार उत्तर मिळतं. मग विचारते, "आणि स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलं?" सगळा वर्ग चिडीचूप.

लहान धंद्यात ते मशीन म्हणजे आपण स्वतः. नोकरी करणाऱ्याला आजारपणाची रजा मिळते, पगार चालू राहतो. आपलं शटर खाली गेलं की आवक बंद, खर्च मात्र चालूच. म्हणून आज मार्केटिंग नाही, जीएसटी नाही. आज विषय तब्येतीचा, शरीराची आणि मनाची, दोन्ही. मी डॉक्टर नाही, दुकानदार आहे. त्यामुळे औषधं सांगणार नाही. काय तपासायचं, कधी तपासायचं आणि दुकान सांभाळून हे कसं जमवायचं, एवढंच सांगणार.

आधी हिशोब करू

समजा तुमची रोजची विक्री ८,००० रुपये आणि मार्जिन १८ टक्के. म्हणजे दिवसाला १,४४० रुपये सुटतात. आता महिन्याचा ठरलेला खर्च बघा. भाडं १०,०००, मदतनिसाचा पगार ९,०००, लाइट बिल २,००० आणि कर्जाचा हप्ता ९,०००. एकूण ३०,०००, म्हणजे दिवसाला १,०००. घरी न्यायला उरले रोज ४४० रुपये, महिन्याला १३,२००.

आता समजा डेंग्यू झाला आणि दुकान दहा दिवस बंद राहिलं. बुडाले १४,४०० रुपये. म्हणजे दहा दिवसांच्या आजारपणात अख्ख्या महिन्याची घरची कमाई गेली. दवाखान्याचं बिल यात धरलेलंच नाही. खराब झालेला माल, थांबलेली उधारीची वसुली आणि समोरच्या दुकानाची सवय लागलेलं गिऱ्हाईक हे आणखी वेगळं.

तुमचे आकडे घालून हा हिशोब आज रात्री कागदावर करा. तब्येत हा 'वेळ मिळाला तर बघू' असा विषय नाही, हे तो कागदच सांगेल.

विशी : शरीर साथ देतं, म्हणून त्याला गृहीत धरतो

नवा धंदा, नवा जोश. सकाळी आठला शटर वर, रात्री अकराला खाली. दुपारचं जेवण चार वाजता, तेही वडापाव. या वयात काही दुखत नाही, त्यामुळे सवयी बिघडतात ते कळत नाही. याच सवयी पुढे चाळिशीत वसुलीला येतात.

विशीत तीनच गोष्टी सांभाळा.

*पहिली, चहा.* प्रत्येक सेल्समनबरोबर एक, शेजारच्या दुकानदाराबरोबर एक, कंटाळा आला म्हणून एक. दिवसाला आठ कप आणि कपाला दीड चमचा साखर धरली तर बारा चमचे, म्हणजे साधारण ५० ते ६० ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत हवी, २५ च्या आत असेल तर उत्तम. चहा तोडू नका, धंद्यात तो नात्याचा भाग आहे. पण चार कप बिनसाखरेचे करा. पंधरा दिवसांत जिभेला सवय होते.

*दुसरी, तंबाखू.* मावा, गुटखा, मिश्री, सिगरेट, नाव काहीही असो. 'टेन्शन कमी होतं' म्हणून सुरुवात होते. टेन्शन तिथंच राहतं, वर खर्च आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका येतो. सोडायची असेल तर सरकारची मोफत हेल्पलाइन आहे : १८००-११-२३५६. तिथं समुपदेशक बोलतात.

*तिसरी, तुलना.* बरोबरच्या मित्राला पुण्यात पॅकेज मिळालं, त्याने गाडी घेतली, आणि आपण अजून दुकानाचं डिपॉझिट फेडतोय. घरचेही अधूनमधून टोमणा मारतात. विशीतल्या दुकानदाराच्या मनाला सगळ्यात जास्त हेच खातं. त्यावर माझा उपाय साधा आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मागच्या महिन्याची आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याची विक्री शेजारी शेजारी लिहा. तुलना करायचीच तर स्वतःच्या दुकानाशी करा. मित्राचा पगार तुमच्या वहीत नसतो.

आणि हो, आरोग्य विमा याच वयात काढा. वय कमी आणि आजार नसताना हप्ता कमी बसतो, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी जो थांबण्याचा काळ असतो तोही तरुणपणीच उलटून जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही.

तिशी : धंदा वाढतो, घर वाढतं, झोप कमी होते

मी स्वतः या टप्प्यात आहे, त्यामुळे इथं जरा थांबू. लहान मूल, आई-वडिलांचं वय, दुकानाचा हप्ता, घराचा हप्ता. सगळं एकाच वेळी अंगावर येतं आणि कात्री पहिल्यांदा लागते ती झोपेला. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. झोप अपुरी असली की चिडचिड वाढते, खाण्यावर ताबा राहत नाही आणि हिशोबात चुका होतात. गल्ला जुळत नाही म्हणून नोकरावर संशय घेण्याआधी आपण किती तास झोपलो ते आठवा.

*तिशीपासून तपासणी सुरू करा.* तीस वर्षांवरच्या लोकांसाठी सरकारचा तपासणी कार्यक्रम आहे. बीपी, शुगर, तोंडाचा कॅन्सर, आणि महिलांसाठी स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर. आपल्या जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हे मोफत होतं. आकडे लक्षात ठेवा :

- बीपी १२०/८० च्या खाली असेल तर उत्तम. पुन्हा पुन्हा मोजून १४०/९० किंवा वर येत असेल तर डॉक्टर गाठा.
- उपाशीपोटी शुगर १०० च्या खाली हवी. १०० ते १२५ म्हणजे धोक्याची घंटा. १२६ किंवा वर आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांचा सल्ला.
- कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटीमीटरच्या आत, महिलांचा ८० च्या आत. कपड्याच्या दुकानात टेप असतोच, स्वतःला लावा.

बीपीला 'सायलेंट' म्हणतात ते उगाच नाही. ते वाढलं तरी बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही. 'मला काही त्रास नाही' हे न मोजण्याचं कारण होऊ शकत नाही.

*ताईंसाठी थोडं वेगळं.* दुकान, पार्लर, शिलाई किंवा खानावळ चालवणाऱ्या बाईची ड्यूटी शटर बंद झाल्यावर संपत नाही, घरी दुसरी सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. दुपारी गळून जाणं, जिना चढताना धाप लागणं याला आपण 'कामाचा थकवा' म्हणतो, आणि कधी कधी ते हिमोग्लोबिन असतं. गरोदर नसलेल्या महिलेचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर त्यावर उपचार हवेत. तपासणी स्वस्त आहे, करून टाका.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. बाजारपेठेतल्या कितीतरी गाळ्यांना बाथरूमच नाही. मग बायका काय करतात? दिवसभर पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात सुद्धा. त्यातून लघवीची जळजळ, इन्फेक्शन, पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक. माझ्या बॅचमधल्या चार जणींनी यावर मार्ग काढला. त्यांनी मिळून जवळच्या मंगल कार्यालयाशी बोलणं केलं, महिन्याला थोडे पैसे ठरवले आणि किल्लीची सोय केली. गाळा भाड्याने घेताना आपण रस्ता बघतो, पार्किंग बघतो. बाथरूम कुठे आहे हे त्याच यादीत लिहा. दादांनो, तुमच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीसाठी पण हा प्रश्न तुम्हालाच सोडवायचा आहे.

चाळिशी : जुनी उधारी वसुलीला येते

इथवर धंदा स्थिर झालेला असतो. नाव झालेलं असतं. आणि नेमकं याच वयात पोट, शुगर, बीपी, गुडघे सगळे हजेरी लावतात.

'मी दिवसभर उभाच असतो, वेगळा व्यायाम कशाला?' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. उभं राहणं म्हणजे व्यायाम नाही. उलट तासन् तास एका जागी उभं राहिल्याने पायातलं रक्त वर चढायला त्रास होतो, पाय सुजतात, शिरा फुगतात. व्यायाम म्हणजे हृदयाचे ठोके वाढतील अशी हालचाल. आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे रोज अर्धा तास भराभर चालणं, पाच दिवस. शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम : बैठका, जोर, जमेल ते. सलग अर्धा तास मिळत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा. बँकेत, होलसेलरकडे, पोस्टात गाडी न काढता चालत जा.

काउंटरमागे करण्यासारखं :

- पायाखाली एक छोटा पाट ठेवा. एक पाय त्यावर, थोड्या वेळाने दुसरा.
- गिऱ्हाईक नसताना टाचा उचलून चवड्यावर उभं राहा, पुन्हा खाली. वीस वेळा. पोटऱ्यांच्या स्नायूंनी रक्त वर ढकललं जातं.
- साखरेचं ५० किलोचं पोतं एकट्याने उचलायचं नाही. दोघांनी उचला, गुडघ्यात वाका, पोतं अंगाजवळ धरा. पाठ गेली की दोन-दोन महिने गेले.
- शिलाई किंवा कॉम्प्युटरचं काम असेल तर दर वीस मिनिटांनी मान वर करून लांबवर बघा.
- गिरणी, मसाला कांडप असेल तर मास्क लावा. ते पीठ आणि तिखट रोज फुप्फुसात जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सणाचा सीझन, दुकानात गर्दी, आणि छातीत दाबल्यासारखं होतं. घाम येतो, डावा हात किंवा जबडा दुखतो, धाप लागते. दुकानदार काय करतो? 'ॲसिडिटी असेल' म्हणून सोडा पितो आणि काउंटरवर उभा राहतो. आमच्याच पेठेतले एक काका दिवाळीच्या पाडव्याला असेच चार तास उभे राहिले. 'आजचा गल्ला झाला की जातो दवाखान्यात.' काकांचा जीव वाचला, पण हृदयाचा बराच भाग कायमचा कमजोर झाला. आज ते दुकानात बसू शकतात, माल उचलू शकत नाहीत. हार्ट ॲटॅकमध्ये प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. ॲसिडिटी आहे की नाही हे ठरवायचं काम ईसीजीचं, आपलं नाही. बायकांमध्ये कधी कधी छातीत न दुखता नुसती मळमळ, पाठदुखी किंवा प्रचंड थकवा असतो, हेही लक्षात ठेवा.

तसंच अचानक तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं ही पक्षाघाताची लक्षणं. काही तासांच्या आत योग्य हॉस्पिटलला पोचलं तर मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. दोन्ही वेळेला एकच नंबर : १०८. हा नंबर दुकानात मोठ्या अक्षरात लावा आणि नोकरालाही सांगून ठेवा, कारण त्या वेळी फोन तुम्ही करू शकणार नाही.

पन्नाशी-साठी : हळूहळू किल्ली सोपवा

या वयात डोळे, कान, गुडघे यांच्या तक्रारी सुरू होतात. वर्षातून एकदा डोळे तपासा. जवळचं दिसत नाही म्हणून बिलात चूक होते आणि भांडण गिऱ्हाइकाशी होतं. बायकांमध्ये पाळी जाण्याच्या काळात रात्रीचा घाम, झोप उडणं, विनाकारण रडू येणं असतं. घरच्यांनी आणि दुकानातल्यांनी याला 'चिडखोरपणा' म्हणू नये. डॉक्टरांशी बोललं तर यावर मदत मिळते.

पण मला इथं जास्त बोलायचंय मनाबद्दल. तीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाला मुलगा किंवा सून म्हणते, 'बाबा, आता तुम्ही आराम करा.' त्यांना वाटतं आपण काळजी घेतोय. बाबांना ऐकू येतं, 'आता तुमची गरज नाही.' एका झटक्यात सगळं काढून घेऊ नका. टप्प्याटप्प्याने करा : आधी खरेदी मुलाकडे, मग ऑनलाइन पेमेंट, शेवटी रोख. जुनी गिऱ्हाइकं, होलसेलरशी बोलणी आणि उधारीची वसुली बाबांकडेच राहू द्या. 'अमक्याला उधार द्यायची का?' हे त्यांच्याइतकं कोणतंही सॉफ्टवेअर सांगणार नाही.

आणि बाबांनो, तुम्हीही दुकानाबाहेर एक तरी गोष्ट शोधा. भजनी मंडळ, सकाळचा चालण्याचा ग्रुप, वाचनालय, काहीही. ज्याला दुकानाशिवाय ओळख नाही, त्याला दुकान सुटल्यावर रिकामपण खातं.

सत्तरीनंतर : पडू नका, एकटे पडू नका

या वयात पडणं फार महागात पडतं. खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो. दुकानाच्या पायरीला कठडा, आत भरपूर उजेड, जमिनीवर वायर आणि खोकी नकोत. तोल सांभाळण्याचे सोपे व्यायाम आठवड्यातून तीनदा : खुर्ची धरून एका पायावर उभं राहणं, आधार घेऊन टाच-चवडा जोडून चालणं.

७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही सोय सुरू झाली. कुटुंबातल्या सत्तरीवरच्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. तुमच्या दुकानात येणाऱ्या आजी-आजोबांनाही सांगा, त्यातून मिळालेला दुवा कुठल्याही ऑफरपेक्षा मोठा.

मनाचं काय?

शरीर दुखलं तर आपण सांगतो. मन दुखलं तर गिऱ्हाइकासमोर हसत राहतो. मालकाला हे कुणाला सांगताही येत नाही. बायकोला सांगितलं तर ती घाबरेल, नोकराला सांगितलं तर तो सोडून जाईल, शेजारच्या दुकानदाराला सांगितलं तर बाजारभर होईल. उधारी अडकलीय, हप्ता थकलाय, आणि रात्री दोन वाजता छताकडे बघत हिशोब चाललाय. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण याच अवस्थेत असतात.

तीन गोष्टी करून बघा.

एक, *डोक्यातला हिशोब कागदावर काढा.* कुणाचे किती द्यायचे, कधी, आणि कुणाकडून किती यायचे. डोक्यात फिरणारं कर्ज मोठं वाटतं. कागदावर ते एका आकड्यात येतं, आणि आकड्याशी बोलणी करता येतात. हप्ता थकण्याआधी बँकेत जाऊन बोला, नंतर नको.

दोन, *शटरबरोबर फोनही बंद करा.* रात्री साडेनऊनंतर आलेल्या ऑर्डरला सकाळी उत्तर दिलं तर फारसं काही बिघडत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसवर दुकान बंद असतानाचा मेसेज आपोआप जाण्याची सोय आहे, ती वापरा.

तीन, *आठवड्याची सुट्टी.* कायद्याने कामगाराला आठवड्यातून एक सुट्टी द्यावी लागते. मालकाला ती देणारं कुणी नाही. 'एक दिवस बंद ठेवलं तर गिऱ्हाईक तुटेल' ही भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. म्हणून अंदाजाने ठरवू नका. मागच्या आठ आठवड्यांची विक्री वारानुसार आणि सकाळ-संध्याकाळ अशी लिहा. सगळ्यात मंदीची अर्धी वेळ सापडेल. तेवढीच सुट्टी घ्या, पण पाटी लावून आणि दर आठवड्याला तीच. गिऱ्हाइकाला सुट्टीचा राग येत नाही, बेभरवशाचा येतो.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर थांबू नका. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे. नंबर १४४१६, दिवस-रात्र चालू, मराठीत बोलता येतं. तिथं फोन करणं म्हणजे वेडं ठरणं नाही. दात दुखला तर आपण डेंटिस्टकडे जातोच ना? धंदा बुडाला तर पुन्हा उभा करता येतो. ते शिकवायलाच तर मी इथं आहे. माणूस गेला तर नाही.

दहा दिवसांची वही

शेवटची गोष्ट, जी तब्येतीइतकीच धंद्याची आहे. उद्यापासून तुम्ही दहा दिवस दुकानात येऊ शकला नाहीत, तर दुसरं कुणी ते चालवू शकेल का? त्यासाठी एक वही करा. त्यात लिहा : होलसेलरचे नंबर आणि कुणाकडून काय येतं, मालाचे भाव, उधारीवाल्यांची यादी, हप्त्यांच्या तारखा, किल्ल्या कुठे आहेत, विम्याची कागदपत्रं कुठे आहेत. बँकेचा पिन मात्र वहीत नको. घरातल्या एका माणसाला महिन्यातून एक दिवस त्या वहीवर दुकान चालवायला लावा. तुम्हाला सुट्टी मिळेल आणि वहीत काय राहिलंय तेही कळेल.

विम्यात आणखी दोन छोट्या गोष्टी. बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा (वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख) आणि ४३६ रुपयांत जीवन ज्योती विमा (वय १८ ते ५०, कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख). दोन्ही मिळून ४५६ रुपये. आपल्या दुकानातल्या पोरांचेही काढून द्या.

या आठवड्याचा गृहपाठ

१. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांचं बीपी मोजून तारखेसह लिहा.
२. 'दुकान दहा दिवस बंद' हा हिशोब तुमच्या आकड्यांनी करा.
३. आठ आठवड्यांची विक्री काढून सुट्टीची अर्धी वेळ ठरवा आणि पाटी लावा.
४. १०८ आणि १४४१६ हे दोन नंबर गल्ल्याजवळ चिकटवा.

हिशोबाचा कोरा तक्ता आणि वहीचा नमुना पुढच्या व्हिडिओत दाखवणार आहे. तोपर्यंत चार कप बिनसाखरेचे सुरू करा. पहिले तीन दिवस मला शिव्या घालाल, चौथ्या दिवशी सवय होईल.